न दिसलेला तिसरा

"पंचांग घरी नेता येत नाही," ग्रंथपाल लीलाधरभाऊ तिसऱ्यांदा म्हणाले, आणि खिडकीशी उभ्या असलेल्या त्या उंच माणसाचा चेहरा असा उतरला, की तास सुरू होत असूनही मी थांबले.

१९८६ साल. जळगावच्या महाविद्यालयात मी नुकतीच गणित शिकवू लागले होते. तो धुळ्याहून आला होता. तिथल्या एका भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत तो साहाय्यक होता. नाव अभिमन. त्याला खगोल-पंचांगातलं सूर्याच्या रोजच्या जागेचं कोष्टक हवं होतं.

"मी उतरवून पाठवीन," मी म्हणाले.

"तीनशे पासष्ट ओळी आहेत त्यात!"

"मोजता येतं मला. गणित शिकवते."

तो हसला... आणि मी तासाला पंधरा मिनिटं उशिरा पोचले.

पुढच्या शनिवारी त्याने मला त्याचा तारा समजावला. वृषभ राशीत दोन तारे एकमेकांभोवती फिरतात. एक दुसऱ्याच्या आड गेला की प्रकाश मंदावतो, आणि हे ग्रहण ठरलेल्या वेळी होतं. पण जवळपास न दिसणारा तिसरा असेल, तर त्याच्या ओढीने ही जोडी आपल्यापासून थोडी लांब जाते, थोडी जवळ येते. मग प्रकाशाला वाटेत कमीअधिक वेळ लागतो, आणि ग्रहण काही मिनिटं मागेपुढे होतं.

"म्हणजे वेळ चुकली, की समजायचं... कोणीतरी आहे?"

"हो."

"आणि तुम्ही आज अर्धा तास उशिरा आलात, ते?"

"त्यामागे एसटी आहे. ती दिसते."

आपली पृथ्वीही फिरते, त्यामुळेही वेळ बदलते. तेवढा भाग आधी वजा करावा लागतो. ते गणित मी पत्करलं. रेडिओच्या ठोक्यावर घड्याळ लावून तो ग्रहणाची वेळ टिपायचा आणि पोस्टकार्डावर कळवायचा. खाली एखादी ओळ असे — 'आज ढग. तारा रुसला. तुम्ही नाही ना?'

आमचे बाबूजी, रिखबचंद, धान्याचे व्यापारी. एकदा कार्ड उलटंपालटं करून ते म्हणाले, "बेटा, हा धुळ्याचा कोण तुला गाड्यांच्या वेळा कळवतो?"

तीन हिवाळे गेले. आलेखावर सुरेख लाट उमटली, म्हणजे तिसरा होता. पावसाळ्यात आकाश मिळत नसे, तेवढे महिने आम्ही अंदाजाने जोडले होते.

मेहरूणच्या तलावाकाठी त्याने तो कागद माझ्यापुढे धरला. वाऱ्याने उडू नये म्हणून दोघांनी दोन टोकं पकडली होती...

"कांचन, पुण्याच्या संस्थेने शोधनिबंध घेतला आहे. सोमवारी मुलाखत. जागा मिळाली, तर तुमच्या बाबूजींना... विचारू?"

बाबूजींनी मला आधीच सांगून ठेवलं होतं. प्रयोगशाळेत काचा पुसणाऱ्याला ते मुलगी देणार नव्हते. पुण्यात शास्त्रज्ञ झाला, तर मात्र आपल्या समाजाशी ते स्वतः भांडणार होते. पण मुदत आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत. नंतर दोंडाईच्याची माणसं मला पाहायला येणार होती.

"विचारा," मी म्हणाले.

शुक्रवारी मुलाखतीसाठी आकडे स्वच्छ उतरवायला बसले. दर वर्षी ग्रहण सर्वांत लवकर येत होतं ते डिसेंबरात. तिन्ही वर्षी डिसेंबरातच. आणि पृथ्वी त्या ताऱ्याच्या सर्वांत जवळ असते, तीही तेव्हाच.

मी जुनी वही काढली. कोष्टक उतरवताना, पुढे सोपं जावं म्हणून, मी प्रत्येक आकड्याला उणे चिन्ह आधीच लावलं होतं. आणि गणित करताना सूत्रातलं उणे पुन्हा लावलं होतं. पृथ्वीचा भाग वजा होण्याऐवजी दुप्पट झाला होता. ती लाट पृथ्वीच्याच फेऱ्याची होती. तिसरा तारा नव्हताच.

शनिवारी धुळ्याला गेले. प्रयोगशाळेत तो एकटाच भिंगं पुसत होता. मी वही उघडून त्याच्यासमोर ठेवली. त्याने बोटाने दहा ओळी तपासल्या, मग आणखी दहा.

"बठ्ठं चुकनं..." सगळंच चुकलं, असं तो स्वतःशीच म्हणाला. घरची बोली त्याच्या तोंडून मी प्रथमच ऐकली.

"चूक माझी आहे, अभिमन."

"सोमवारनंतर सांगितलं असतं तर?"

"मग तुम्ही माझ्याशी लग्न केलं असतं, आणि मी रोज हेच लपवत बसले असते."

त्याने कोरा कागद घेतला आणि निबंध मागे घेत असल्याचं पत्र लिहू लागला. 'माझ्या गणितातील चुकीमुळे —'

"माझ्या नाही. कांचनच्या लिहा."

"नाही. पुण्याला तुमचं नाव पहिल्यांदा जायचं, ते असल्या पत्रातून?"

"आखाजी पंधरा दिवसांवर आली आहे... दुसऱ्या कुठल्या कागदावर आपली दोघांची नावं एकत्र येणार आहेत?"

त्याने मान वर केली नाही. 'माझ्या' खोडून त्याने 'आमच्या' लिहिलं, खाली स्वतःचं नाव लिहिलं, आणि पेन माझ्याकडे सरकवलं. मी त्याच्या नावाशेजारी माझं नाव लिहिलं. शाई वाळेपर्यंत आम्ही दोघं त्या कागदाकडे पाहत बसलो.