केळीच्या घडाची दुसरी सावली

दालनाचं कुलूप काढून नूतनअक्का आत आल्या आणि सादियाच्या चित्रापाशीच थबकल्या.

अंगणात बाज, बाजेवर केळीचा घड, घडाची सावली उजवीकडे. काल एवढंच होतं. आज डावीकडेही एक सावली होती. एका अंगणात दोन सूर्य.

"अक्का, ही माझी नाही," मागून आलेली सादिया म्हणाली.

जळगावातून दरवर्षी एकच चित्र धुळ्याच्या प्रदर्शनात जाई. ते निवडणारे पाहुणे आज अकराला येणार होते. आजवर शालिग्रामनानांचंच चित्र जायचं. यंदा जो तो सादियाचं नाव घेत होता.

काल संध्याकाळी ती घरी गेल्यावर दालनात तिघे चित्रकार मागे राहिले होते. तिचे ॲक्रिलिक रंग टेबलावरच होते. नूतनअक्कांनी तिघांना बोलावलं. चित्रकला शिकवून निवृत्त झालेली ही बाई. कोण स्तुती करताना किती हात राखतं, याचा जमाखर्च तिच्या डोक्यात चोख असे.

त्यांनी आधी नवी सावली न्याहाळली. निळा, जांभळा, किंचित तपकिरी. मिश्रण सादियाचंच, फक्त फार गडद.

"तेजस, तू?"

"मी ॲक्रिलिकनंच भिंती रंगवतो, अक्का. वाळल्यावर रंग गडद होतो, म्हणून आधीच फिका घेतो. मी बिघडवलं असतं तर तुम्हाला कळलंही नसतं."

"मोठा गुणाचा. मयुरी?"

"माझ्या चित्रापुढे कुणी उभंही राहत नाही. जळते मी तिच्यावर, खोटं कशाला बोलू? पण मीही ॲक्रिलिकवालीच आहे. असली ढोबळ चूक करीन?"

"नाना?"

"मी तं जलरंगाचा माणूस," शालिग्रामनाना हसले. "या रबरी रंगाले कधी हात लावला नाही. पोरगी माझ्याच हाताखाली शिकली. चुकली असेल, दुसरं काय?"

नूतनअक्का खुर्चीत बसल्या.

"चित्राचा नासच करायचा असता तर काळा फासला असता. पण रंग जुळवलाय. म्हणजे चूक सादियाचीच वाटावी, पाहुण्यांनी हसून पुढे जावं, असा बेत. बरोबर?"

अक्कांनी नव्या सावलीकडे बोट केलं.

"मग रंग जुळला का नाही? जलरंग वाळला की फिका पडतो. तो वापरणारा जन्मभर गडदच लावतो. तसाच हा लावला. पण ॲक्रिलिक वाळून आणखी गडद झालं. या दोघांनी फिका घेतला असता. गडद कोण घेईल, नाना?"

नानांनी चष्मा काढून पुसला.

"तिच्या सावलीत बसावं वाटते, अक्का," ते म्हणाले. "माझी सावली म्हणजे नुसता डाग. मीच शिकवलं तिले, अन् मलेच येत नाही. तिचं चित्र टांगलं तशी छातीत आग पडली."

"नाना, मला सांगितलं असतं..." सादिया म्हणाली.

"पुसू का मी?" नानांनी ओला बोळा उचलला.

"वाळल्यावर पुसलं जात नाही हे," सादिया म्हणाली. " वरून झाकावं लागतं."

अकराला अजून तासभर होता. तिनं अंगणाच्या मातीचा रंग कालवला, एक छटा फिका, आणि चित्रापुढे बसली. नाना खिडकीपाशीच उभे होते, हलावं की थांबावं ते न कळून.

"नाना, थोडं बाजूला व्हा," ती मागे न पाहता म्हणाली. "उजेड अडतोय."