किंजळाच्या खालच्या अंगाला

सगुणाबाईवर कोणाचा विश्वास बसला नाही. तीन वर्षं खोटं सांगत होती तेव्हा अख्खी पांगारवाडी माना डोलवत होती. आणि खरं सांगायला दारोदार फिरली, तेव्हा बायकांनी तिला पाटावर बसवलं, पाणी पाजलं, कपाळाला अंगारा लावला. "सून गेल्याचं दुःख डोक्यात गेलंय बिचारीच्या," म्हणाल्या. जिने स्वतःच्या कानांनी ऐकलं, ती पोरगी त्याच दिवशी पोलादपूरला उतरली, ती पुन्हा डोंगर चढलीच नाही. मग साक्ष कोणाची काढायची?

सुरुवात साधीच होती. गौरी-गणपती उरकले होते. कॉलेजातून प्रियदर्शिनी नावाची मुलगी वर आली. रानातलं एकेक झाड मोजायचं, त्याचं नाव लिहायचं, छातीच्या उंचीवर टेप गुंडाळून घेर घ्यायचा, आणि डोंगर कुठे सुटला, का सुटला, ते वहीत मांडायचं, हे तिचं काम. तिला झाडं ओळखणारं माणूस हवं होतं. सगुणाबाई चौथी शिकलेली, पण साल चोळून नाकाला लावली की झाड सांगायची. पोरीने नावगाव विचारलं नाही. मावशी म्हणाली, झालं.

जायचं होतं घरामागच्या उतारावर. तीन वर्षांमागे आषाढात, भर दुपारी तो उतार खाली आला होता. शेळ्या बांधायला गेलेली माधुरी, सगुणाबाईच्या लेकाची, सुनीलची बायको, गोठ्यासकट त्याखाली गेली. शेळ्या मेलेल्या सापडल्या. माधुरी नाही सापडली.

सगुणाबाईने त्याच दिवशी ऊर बडवून सांगितलं होतं, दिराने, दत्तारामाने झाडं मारली म्हणून डोंगर आला. दत्तारामाला वाळलेली लाकडं वाहताना सगळ्यांनी पाहिलं होतं, मग पुरावा कशाला हवा? सुनील चुलत्याच्या तोंडावर थुंकला आणि महाडला कारखान्यात जाऊन राहिला. दत्तारामाने वाडी सोडली.

त्या दुपारी धुकं असं उतरलं होतं की हातभर अंतरावरचं दिसेना. खालून कशेडी घाटातल्या ट्रकांचा हॉर्न यायचा, तोही कापसात गुंडाळल्यासारखा. प्रियदर्शिनी वर पायवाटेवर वही घेऊन उभी. सगुणाबाई झाडाच्या वरच्या अंगाला. खालच्या अंगाला पाय ठेवायला जागा नव्हती, सरळ दोन पुरुष खोल कडा.

पहिलं झाड ऐनाचं होतं. कवेत मावेना. तिने टेपेचं टोक डावीकडून मागे टाकलं आणि उजवा हात लांबवून चाचपडू लागली.

टोक तिच्या तळहातावर कोणीतरी ठेवलं.

बोटं गार होती. चिखलाने बरबटलेली.

"बाय, तू खाली कशाला गेलीस गो? मरशील!"

"मी वरच आहे, मावशी. किती भरला?" आवाज पाठीमागून, पायवाटेवरून आला.

"मग टोक कोणी दिलंन?"

"ओली टेप आहे, सालीला चिकटून आली असेल."

"मी काय येडी हाय? हात लागला माझ्या हाताला!"

पोरगी हसली. सगुणाबाई पुढच्या झाडाकडे सरकली. दुसऱ्या झाडाला तसंच झालं. तिसऱ्याला काचेच्या बांगड्या किणकिणल्या, आणि शेळीच्या ताज्या दुधाचा वास आला. वाडीत तीन वर्षं एकही शेळी नव्हती.

मध्ये, सुटलेल्या काठावर, अकरा वाळके बुंधे लागले. प्रियदर्शिनी खाली वाकली.

"कुऱ्हाड ह्यांना नंतर लागलीय, मावशी. आधी कोणीतरी कोयत्याने सालीला गोल खाच पाडलीय. तसं केलं की झाड उभ्या उभ्या वाळतं. पण मेल्यावरही मुळं तीन-चार वर्षं माती धरून असतात. मग ती कुजतात... आणि सगळं एकदम सुटतं."

सगुणाबाई टेप गुंडाळत पुढे सरकली.

त्याच रांगेत बारावा किंजळ. जिवंत. फुलांनी लगडलेला. तिने टेप टाकली, टोक हातात आलं. प्रियदर्शिनी जवळ येऊन बुंध्यावरून बोट फिरवत होती.

"इथे खाच अर्धीच आहे. वरच्या अंगाला आहे, खालच्या अंगाला साल शाबूत. म्हणजे माणसं दोन होती. खालच्याने हात आवरला म्हणून हा जगला. उरलेला डोंगर ह्याच्याच मुळांवर थांबलाय, मावशी. वरच्या अंगाला कोण होतं? वहीत लिहायला हवं."

सात वर्षांमागचा भादवा. नाचणीवर सावली पडते, कणीस भरत नाही. "तू खालनं मार, मी वरनं मारते," असं नव्या सुनेला तिनेच सांगितलेलं. अकरा झाडं झाली. बाराव्याला माधुरीने कोयता खाली केला. "आत्याबाई, हा फुललाय. ह्याला नको."

"बापाच्या घरनं आणलायस काय गो त्याला?" असं बोलली होती तिला. वर्षाने झाडं वाळली, आणि दत्ताराम बिचारा नुसती लाकडं न्यायला आला होता.

"कोण, मावशी?"

"दत्ताराम," सगुणाबाई म्हणाली. जिभेला सवयच होती.

टेप ताणली गेली. पलीकडून. सगुणाबाईचा गाल सालीवर, नेमका त्या खाचेवर दाबला गेला. दोन्ही हात झाडाला घट्ट बांधल्यासारखे.

"सोड... सोड गो... सांगते..."

"मी धरलेलं नाही, मावशी!"

"वरच्या अंगाला..." पुढे शब्द फुटेना.  डोळ्यांतून पाणी मात्र वाहत होतं, सालीवरून, खाचेतून, खाली.

मग बांगड्या हलल्या. चार वर्षांच्या संसारात जिने सासूचं नाव एकदाही ओठांवर आणलं नव्हतं, तिने ते घेतलं. हळू, पदर सावरत बोलावं तसं. रागाने नाही.

टेप सैल पडली.

प्रियदर्शिनीच्या हातातून पेन गळलं होतं. ती कड्याकडे बघत होती. तिथे धुक्याशिवाय काही नव्हतं.

"मावशी..." तिचे ओठ पांढरे पडले होते. "कोण ही... सगुणा?"