योगराज ग्लास क्लीनिंग, मु. केशोरी

माझं काम फोन करायचं. गोंदियात रेलटोलीला एका औषधाच्या दुकानावर आमचं ऑफिस आहे, तिथे आम्ही सहा जणी कानाला हेडफोन लावून बसतो. आमची कंपनी धंद्यांची ऑनलाइन यादी ठेवते. प्लंबर, इन्व्हर्टरवाले, मेहंदीवाल्या, सगळे. कुणाला खिडक्यांच्या काचा साफ करून हव्या असल्या की तो साइटवर आपला नंबर टाकतो आणि साइट तो नंबर त्या भागातल्या तीन-चार जणांना पाठवते, त्यांचे नंबर त्याला. त्याला लीड म्हणतात. यादीतला धंदा अजून सुरू आहे का, हे वर्षातून एकदा फोन करून विचारायचं. नावं दरवर्षी आम्हा सहा जणींत वाटली जातात. सुरू असेल तर हिरवं बटण. बंद असेल तर लाल.

अकरा वर्षं मी हे करते आहे. धंदा बंद पडला हे माणसं किती प्रकारांनी सांगतात, ते मला पाठ झालं आहे. कुणी हसतं, कुणी फोन बायकोच्या हातात देतं.

गेल्या फेब्रुवारीत माझ्या समोर पहिल्यांदाच 'योगराज ग्लास क्लीनिंग, मु. केशोरी' हे नाव आलं. मी थोडी थबकले. केशोरी म्हणजे धानाचं गाव, तिकडे काचा पुसायचा धंदा कोण करणार? पण खाली गोंदिया, आमगाव, कोहमारा इथली कामं होती आणि पाचपैकी चार पूर्णांक नऊ दशांश गुण होते. मी नंबर लावला. मागे कोंबड्यांचा आवाज होता. एका म्हाताऱ्या माणसाने फोन उचलला.

"योगराज ग्लास क्लीनिंग का?"

"हो जी."

"धंदा सुरू आहे ना?"

त्याने कोंबड्यांना हाकललं. मग म्हणाला, "सुरू आहे बाई."

मी हिरवं बटण दाबलं.

आठ दिवसांनी चैतराम नावाचा माणूस ऑफिसात आला. तोही आमच्या यादीतला, काचा साफ करणारा. खाली त्याच्या मोटारसायकलला निळी बादली आणि लांब दांडा बांधलेला होता. बस म्हटलं तरी बसला नाही.

"मॅडम, यादीत मेलेला माणूस ठेवता का तुम्ही?"

मी म्हटलं, कोण?

"योगराज डोंगरवार. आम्ही दोघं हैदराबादले सोबत शिकलो, दोरावर लटकून काचा पुसाले. लॉकडाऊनमध्ये सोबत वापस आलो. दोन वर्सं झाले, दिवाळीच्या आधी एका नव्या शोरूमची काच करत होता. मी खाली बादली भरून राहिलो होतो. दोर ज्या कठड्याले बांधला होता तो कठडाच सुटला." तो आपल्या हातांकडे बघत बोलत होता. "केशोरीले त्याच्या मातीले मी होतो. आन आता लोक मले म्हणतात, योगराज मागच्या आठवड्यात येऊन गेला."

"त्याच्या नावावर दुसरं कुणी काम करत असेल."

"मीही तेच म्हणत होतो. मंग एक काच जाऊन पाहिली. मॅडम, माणूस अक्षर कसा काढते हे जसं ओळखू येते ना, तसं आमचं राहते. दुसऱ्याचा हात नव्हता तो." मग म्हणाला, "लीड माझ्या जाऊन राहिल्या म्हणून नाही आलो मी. नाव काढा त्याचं. मले चांगलं नाही वाटत."

खोटे अभिप्राय आमच्या धंद्यात रोजचे असतात. माणसं भाच्याकडून लिहून घेतात, विकतही घेतात. ते ओळखायची सोपी रीत म्हणजे लिहिणाऱ्याला फोन करायचा. खोटा असेल तर एकतर उचलत नाही, नाहीतर कुठलं काम, असं विचारतो. योगराजच्या मृत्यूनंतरच्या तारखांचे एकेचाळीस अभिप्राय होते. मी पहिल्या नऊ जणांना फोन लावले. नऊही जणांनी उचलले आणि नऊही जणांना काम आठवत होतं.

कोहमाऱ्याच्या चौकात ढाबा चालवणारा छोटेलाल म्हणाला, "काम एक नंबर, मॅडम. एसी हॉल की पूरी काच. हायवेची धूळ, पण असा आरसा करून गेला. आदमी दिखा नहीं. सकाळी शटर उघडलं तर काम झालेलं."

गोंदियाच्या दातांच्या डॉक्टर चंचल अग्रवाल यांनी मात्र त्याला पाहिलं होतं.

"मी आत होते, तो बाहेर दोरावर. सकाळचं ऊन त्याच्या पाठीमागून येत होतं, त्यामुळे चेहरा दिसला नाही. मी हातानं खूण केली, चहा घेणार का? त्यानं मान हलवली, नाही म्हणून. पैसे द्यायला फोन केला तर वडील म्हणाले, राहू द्या."

"दोर कुठे बांधला होता?"

"ते मीही नंतर वर जाऊन पाहिलं," त्या म्हणाल्या. "आमच्या गच्चीवर काही बांधायला जागाच नाही."

पुढच्या रविवारी मी केशोरीला गेले. लाल बटण दाबायला जायची गरज नव्हती. तरी गेले. बल्लारशाच्या गाडीने अर्जुनी मोरगावला उतरले, पुढे काळी-पिवळी जीप. इटियाडोह धरणाचं पाणी कालव्यांना सुटलं होतं. उन्हाळी धानाची रोवणी चालली होती आणि बांध्यांमध्ये वाकलेल्या बायांच्या पाठी रस्त्यापासून पार जंगलापर्यंत दिसत होत्या.

डोंगरवारांचं घर कवेलूच्या छपराचं, मातीच्या भिंतींचं. खिडक्यांना लाकडी झडपा. अख्ख्या घरात काच नव्हती. अंगणातल्या मांडवाच्या खांबाला कापडी पिशवी टांगलेली होती आणि तिच्यात फोन. रेंज फक्त तिथेच येते म्हणे. खांबाजवळ बाज टाकून योगराजचे वडील दुधराम बसले होते. सत्तरीचा माणूस, गुडघे सुजलेले, बाजूला काठी. हा माणूस शिडी चढला असेल, हा जो एक विचार मी वाटभर धरून आले होते, तो मी तिथेच सोडला.

"तुमीच का जी फोनवाल्या बाई?" त्यांनी आवाजावरून ओळखलं. "बसा."

मी माझं नाव नूतन असं सांगितलं आणि सरळ विचारलं, "काका, योगराज वारला ना?"

"मीच आग देली त्याले. मले मालूम नसंल?"

"मग धंदा सुरू आहे, असं का सांगितलं?"

त्यांनी खांबाच्या पिशवीकडे पाहिलं. मग म्हणाले, "फोन येते. समोरचा माणूस विचारते, योगराजभाऊ, कधी येता? पहिल्यांदा आला तेव्हा तेरवी व्हायची होती. तो मेला, असं माझ्या तोंडून निघालं नाही. मी म्हटलं, उद्या सकारी येते. सकाळी येईल, म्हटलं. म्हणजे फोन तरी ठेवंल तो." ते काठीच्या टोकाने माती उकरत होते. "दोन दिवसांनी त्याच माणसाचा फोन आला. काम चांगलं झालं म्हणून सांगाले."

"मग तुम्ही कुणाला पाठवलं होतं?"

"कोणाले पाठवू बाई?"

योगराजची आई शकुंतलाबाई दारात कधी येऊन उभ्या राहिल्या, ते मला कळलं नाही. हात पिठाचे होते. त्या माझ्याजवळ येऊन जमिनीवर बसल्या.

"तुमच्या मोबाइलमध्ये लिहून असते म्हणतात. कुठं कुठं गेला तो, वाचून दाखवा ना जी."

मी फोन त्या खांबाला टेकवून धरला, तेव्हा पान उघडलं. मी वाचत गेले. आमगावची शाळा, काम वेळेवर. गोंदियाचं कपड्यांचं दुकान, काम स्वच्छ, माणूस शांत. कोहमाऱ्याचा ढाबा. प्रत्येक नावाला त्या मान हलवत होत्या, परगावी असलेल्या पोराच्या गोष्टी ऐकाव्यात तशा. एकेचाळीस वाचून झाले तेव्हा त्यांनी विचारलं, "जेवला का कुठं, असं काही लिहून आहे?"

"नाही," मी म्हटलं. "ते कुणी लिहिलं नाही."

त्यांनी हातावरचं पीठ पुसलं. मग नवऱ्याकडे न बघता मला म्हणाल्या, "बंद करा बाई ते."

"काऊन?" दुधरामांनी एकदम मोठ्याने विचारलं.

"तुम्ही सबद देता आन त्याले जा लागते. जित्तेपणी सबद मोडला नाई त्यानं, आता मोडंल का? दोन वर्सं झाले. एक दिवस सुट्टी नाई माझ्या लेकराले."

कोंबड्या मांडवाखाली आल्या होत्या, दुधरामांनी त्यांना हाकललं नाही. मी हात खांबाला टेकवून उभीच होते. माझ्या हाताला रग लागली होती.

"दाबा," ते शेवटी म्हणाले.

लाल बटण दाबलं की कारण विचारतात. त्या यादीत चौथं कारण असतं, मालकाचा मृत्यू. मी ते निवडलं. योगराजचं नाव करडं झालं आणि खाली 'कायमचे बंद' असं आलं. शकुंतलाबाईंनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं आता त्या रडतील, पण त्या उठून आत गेल्या आणि मला जेवायला वाढलं.

त्यानंतर कुठल्याच काचेबद्दल काही ऐकू आलं नाही. चैतराम एकदा रस्त्यात भेटला. बरं केलं म्हणाला.

जूनमध्ये दुपारी ऑफिसात असताना माझा फोन वाजला. केशोरीचा नंबर होता.

"काय झालं काका?"

"काही नाही बाई. फोन चालू आहे का, हे पाहाले केला. कोणीच करत नाही आता."

"काकू कशा आहेत?"

"आहे. बोलत नाही जास्त. आधी फोन वाजला का ती आतून विचारे, कोणत्या गावचा आहे जी? आता विचाराले काही नाही." मग घाईने म्हणाले, "ठेवतो. तुमचं काम असंल."

मी हेडफोन काढून बसले. समोर पुढचं नाव आलं होतं, एक शिलाई मशीनवाला. मी ते तसंच ठेवलं.

पुढे मी जे केलं, ते मला कुणाला समजावून सांगता येणार नाही. माझा या असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. आजही आहे असं म्हणवत नाही. पण त्या अंगणात तो फोन वाजावा, एवढंच मला हवं होतं. संध्याकाळी घरी आल्यावर मी खिडकीजवळ उभी राहिले. मी एकटी राहते, तिसऱ्या मजल्यावर, मालधक्क्याच्या बाजूला. हॉलची मोठी काच न उघडणारी आहे. राईस मिलच्या धुराड्यांतून भुशाची काळी राख उडते, ती वर्षानुवर्षं बाहेरून बसत गेली होती. आतून हात पोचत नाही. बाहेर सज्जा नाही. त्या काचेतून मला फक्त उजेड येतो की नाही, एवढंच कळायचं.

मी केशोरीला फोन लावला.

"योगराज ग्लास क्लीनिंग का?"

पलीकडे श्वास ऐकू येत होता.

"एक खिडकी आहे," मी म्हटलं. "गोंदियात. तिसरा मजला. बाहेरून करायची आहे."

"नूतनबाई?"

"हो."

मग मागून, लांबून, एका बाईचा आवाज आला, "कोणत्या गावचा आहे जी?"

दुधराम म्हणाले, "उद्या सकारी येते बाई."

मी झोपताना दाराची कडी घातली, साखळीही लावली. रोजच लावते.

सकाळी साडेसहाला हॉलमध्ये आले आणि दारातच उभी राहिले.

रेल्वेलाइन दिसत होती. त्या पलीकडची चिंच दिसत होती, तिच्यावरचे बगळे दिसत होते. काच जणू नव्हतीच. एवढं ऊन त्या खोलीत मी कधी पाहिलं नव्हतं.

मला भीती वाटली नाही. रडू आलं.

मी जवळ गेले. काचेवर कुठे एक रेघ नव्हती. फक्त मधोमध, माझ्या डोक्याच्या वीतभर वर, एक खूण होती. कुणीतरी कपाळ टेकून उभं राहिलं होतं. दोन्ही बाजूंना तळहात.

दमला असेल, असं माझ्या मनात आलं. बाहेर, त्या दोरावर.

मी पदर हाताला गुंडाळला. बाहेरची खूण आतून जायची नाही, हे मला कळत होतं. तरी हात वर केला आणि त्या कपाळावरून हळूच फिरवला.

ती पुसली गेली. पदर ओला झाला.