ठकूच्या नोंदी पुसल्या कुणी?

"कचरापेटीसुद्धा रिकामी आहे," ठकूची आई म्हणाली आणि तिने फोन टेबलावर पालथा ठेवला, जणू त्याचं तोंड बघायची तिची इच्छा नव्हती.

तपासनीस बाईंनी तो उताणा केला. त्या खालच्याच मजल्यावर राहत. हरवलेली माणसं, फिरवलेली मृत्युपत्रं असली खाजगी कामं त्या घेत. हरवलेल्या नोंदी शोधायला त्यांना आजवर कुणी बोलावलं नव्हतं. सोबत त्यांचे यजमान होते. आयुष्यभर भूगोल शिकवलेला, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. नकाशातली कुठलीही नदी ते डोळे मिटून दाखवत, स्वतःचा चष्मा मात्र डोळे उघडे ठेवूनही सापडत नसे.

"पहिल्यापासून सांग," बाई म्हणाल्या.

सांगताना तिचा एक कान आतल्या खोलीकडे होता. ठकू झोपली होती. दोन वर्षांची पोर. अधूनमधून एकाएकी निळी पडायची, डोळे फिरवायची, अंग टाकून द्यायची. थोड्या वेळात उठून खेळायला लागायची, पण तेवढ्यात आईचा जीव जाऊन परत यायचा. या फिट्स असतील तर वर्षानुवर्षांचं औषध, पोरीला सुस्त करणारं. उद्या सकाळी मोठ्या डॉक्टरीणबाई ते ठरवणार होत्या. 'झटक्याच्या आधी नेमकं काय झालं, ते मला हवंय,' असं त्यांनी बजावलं होतं.

ते सगळं ठकूच्या आईने टिपलं होतं. फोनवर लिहिलं की ते इंटरनेटवरच्या घरच्या खात्यात जायचं. मग नवऱ्याचा लॅपटॉप, नणंदेचा फोन, सासऱ्यांचा कॉम्प्युटर, जिथे उघडावं तिथे दिसायचं.

"आज सकाळी बघते तर ठकूचा कप्पाच नाही. किराण्याची यादी आहे, गाडीचे कागद आहेत. फक्त ठकूचंच गेलंय."

"आणखी कुठे उतरवून ठेवलं नव्हतंस?"

"नाही ना! सगळीकडे दिसतंय म्हणून वाटलं, सगळीकडे आहे."

बाईंनी किराण्याची यादी उघडली आणि सरळ पुसून टाकली.

"अहो, हे काय!"

"थांब गं." बाईंनी कचरापेटी उघडली. यादी तिथे पडली होती. ती त्यांनी परत जागेवर ठेवली. "पुसलेलं इथे येतं. मग ठकूचा कप्पा इथे का नाही?"

"पुसून वर झाडूही मारला!" मास्तर म्हणाले. "मुरलेला गुन्हेगार आहे."

सकाळपासून हाच विचार ठकूच्या आईचं डोकं कुरतडत होता. चुकून पुसलं असतं तर ते इथे सापडलं असतं. हे कुणीतरी मुद्दाम केलंय, आणि घरातल्याच कुणीतरी.

"सकाळी तू काही बोललीस त्यांना?"

"बोलले." तिने मान खाली घातली. "सगळ्यांसमोर म्हणाले, ज्याने हे केलं त्याच्या हातात ठकूला पुन्हा देणार नाही."

बाई उठून हॉलकडे निघाल्या. मास्तरांनी उगाच घसा खाकरला.

नवरा हॉलमध्ये लॅपटॉप मांडून बसला होता. कामाचं काही सुचत नव्हतं हे दिसतच होतं.

"बाहेरचं कुणी शिरलेलं नाही, बाई. तपासलं मी. कंपनीला लिहिलंय, पण त्यांचं उत्तर येईपर्यंत उद्याची वेळ टळून जाईल."

"नोंदी तुम्ही पुसल्यात?"

"मी? छे!" तो बायकोकडे बघत म्हणाला, "लिहिणं जरा कमी कर, असं म्हणालो होतो, खरंय. पोर हसली तरी ही फोन शोधते. पण म्हणून पुसेन? कुणी केलं मला खरंच माहीत नाही."

"प्रत आहे तुमच्याकडे?"

"असती तर इथे असा बसलो असतो का?"

"याला हेतू आहे," मास्तर बाहेर येता येता बाईंच्या कानात पुटपुटले. ते कुजबुजले तरी तीन खोल्यांत ऐकू जायचं.

नणंद आपल्या खोलीत इस्त्री करत होती. लग्नाची होती, तोंडाची फटकळ होती, पण ठकूवर जीव टाकायची.

"मला विचारायला आलात? विचारा की. वहिनीच्या नोंदींत मी आहे, माहितीये? 'आत्याने हातातली कात्री काढून घेतली. चिडून रडली. झटका.' मला तर पिंजऱ्यातच उभं केलंय!"

"म्हणून पुसल्या?"

"कात्री तोंडात घालत होती ती, काढून घेतली त्यात माझं काय चुकलं? नाही पुसल्या मी. कुणी पुसल्या मला नाही माहीत." तिने इस्त्री आदळली. "उलट परवा जेवताना मीच घसा फोडत होते. त्या दवाखान्याच्या तळघरात नेट मिळत नाही, नोंदी काढून ठेवा कुणीतरी. दादा 'हं' म्हणाला, म्हणजे नाही. वहिनी ठकूमागे पळाली. मी आपली भिंतींना सांगत होते."

"आणखी कोण होतं पानावर?"

"आप्पा. पण ते जेवताना फक्त जेवतात."

आप्पा म्हणजे सासरे. यंत्रांच्या सुट्या भागांच्या गोदामात ते स्टोअरकीपर होते. निवृत्त झाले तरी गोदाम त्यांच्या खोलीत आलं होतं. भिंतीवर फळी, फळीवर हातोडी, पक्कड, पाने, आणि प्रत्येकाच्या मागे त्याच्याच आकाराची रंगवलेली रेघ. वस्तू उचलली की रिकामा आकार चुगली करायचा.

मास्तरांनी पक्कड हातात घेतली आणि चुकून हातोडीच्या जागी अडकवली. आप्पांनी न बोलता ती हलवली.

"ठकूचा फोटो गोड आहे हो," बाई भिंतीवरच्या चौकटीकडे बघत म्हणाल्या. "मला फोनवर पाठवाल?"

"फोनवर नाही आता. भिंतीवर लावल्यावर फोनवर कशाला? एक वस्तू, एक जागा. दोन ठिकाणी माल पडला की हिशेब चुकलाच म्हणून समजा."

"नोंदी तुम्ही पुसल्यात, आप्पा?"

"मी एक अक्षर पुसलेलं नाही."

"तुमच्याकडे प्रत?"

"प्रत नाही माझ्याकडे." त्यांनी सुनेकडे बघितलं नाही. "उद्याची दवाखान्याची पिशवी भरलीस का गं? माझ्याकडे दे, मी भरतो."

"मघाशीच म्हटलं ना आप्पा, बघू नंतर!" ती चिडली. तिसऱ्यांदा तेच विचारत होते. तिची लेक उद्या कशावर तपासली जाणार याचा पत्ता नव्हता आणि यांना पिशवी सुचत होती.

तेवढ्यात ठकूचं रडणं ऐकू आलं.

सगळे थिजले. आप्पा ताडकन उठले, दोन पावलं गेले, आणि थांबले. सुनेकडे बघून परत खुर्चीत बसले. ती धावली. ठकूचं तोंड उघडं होतं, आवाज बंद, ओठ काळसर. ये बाळा, घे श्वास, घे. आणि मग तो आला, लांब, हुंदक्यासारखा. ठकूने तिच्या खांद्यावर नाक पुसलं.

ती बाहेर आली तेव्हा बाई तिची वाटच बघत होत्या. "रोज रडली की कोण उचलतं हिला?"

"आप्पा. माझ्याही आधी."

"अस्सं," बाई म्हणाल्या. "सगळ्यांना हॉलमध्ये बोलाव."

सगळे जमले. मास्तरांनी आधीच पैज लावली होती: नवरा.

"सकाळपासून या घरात एकच प्रश्न विचारला जातोय," बाई म्हणाल्या. "पुसलं कुणी? मीही तोच विचारला. सगळे नाही म्हणाले, आणि सगळे खरं बोलले. कारण कुणी काही पुसलेलंच नाही."

"मग गेलं कुठे?" नवरा म्हणाला.

बाईंनी त्याच्या लॅपटॉपवर किराण्याची यादी निवडली. "इथे दोन पर्याय आहेत. 'कॉपी करा' आणि 'हलवा'. मी हलवा दाबते, आणि यादी खात्यातून या लॅपटॉपच्या पोटात नेते. आता प्रत्येकाने आपापला फोन बघा."

"गेली!" नणंद ओरडली. "कचरापेटीतही नाही!"

"कशी असेल? पुसलेलं कचऱ्यात जातं. हलवलेलं नव्या जागी जातं. कचरापेटी रिकामी होती ती कुणी झाडू मारला म्हणून नव्हे, मास्तर."

मास्तरांनी चष्मा पुसायला घेतला.

"आता बोलण्यातली गंमत. प्रत असावी ही कल्पना तुझी," बाई नणंदेला म्हणाल्या. "पण शब्द काय वापरलास? 'काढून ठेवा.' फोटो काढला तर माणूस जागेवरच राहतो. फडताळातून डबा काढून ठेवला तर फडताळात जागा रिकामी होते. तुझ्या मनात फोटो होता. पण ऐकणाऱ्याने जन्मभर फडताळातून माल काढला असेल तर? ज्याला एक वस्तू दोन ठिकाणी असणं सहनच होत नाही, तो 'कॉपी करा' दाबेल?"

ठकूच्या आईने हळूच मान वळवली. आप्पा हाताच्या रेषा बघत होते.

"तुम्ही दोघं 'मला माहीत नाही' म्हणालात. आप्पा एकदाही म्हणाले नाहीत. पुसलं नाही म्हणाले, खरं. प्रत नाही म्हणाले, तेही खरं. प्रत नव्हतीच त्यांच्याकडे. मूळच होतं. आणि सकाळपासून पिशवी मागतायत, गुपचूप त्यात टाकायला."

"पण आप्पा, बोलायचं ना!" ठकूच्या आईचा आवाज चिरकला. "मी वेडी व्हायची वेळ आली होती!"

"बोलणारच होतो," आप्पा म्हणाले. "तू म्हणालीस, त्याच्या हातात ठकूला देणार नाही. मग धीर झाला नाही."

नातीचं रडणं ऐकून ते दोन पावलांवर का थांबले, ते आत्ता तिच्या ध्यानात आलं.

आप्पांनी खिशातून पेन ड्राइव्ह काढला. त्याला दोऱ्याने चिठ्ठी बांधली होती. वळणदार अक्षरात लिहिलं होतं: 'ठकू. दवाखाना. जावक.'

"माल बाहेर जायचा असला की चिठ्ठी बांधावी लागते," ते ओशाळून म्हणाले.

नणंद आधी हसली, मग डोळे पुसायला लागली. नवऱ्याने पेन ड्राइव्ह लावला. एकेक नोंद उघडू लागली. सगळ्या होत्या.

"आप्पा, धरा हिला," ठकूची आई म्हणाली. "मला दोन्ही हात लागतील. आधी खात्यात परत टाकते, मग लॅपटॉपवर, मग तुमच्या कॉम्प्युटरवर. आणि तुम्ही एकही शब्द बोलू नका."

आप्पांनी ठकूला घेतलं आणि खरंच एक शब्द बोलले नाहीत, जरी तिसऱ्या प्रतीला त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

दुसऱ्या दिवशी त्या तळघरातल्या खोलीत डॉक्टरीणबाई बराच वेळ वाचत होत्या. ठकूची आई त्यांच्या भुवयांकडे बघत होती. भुवई जरा हलली की हिचा श्वास अडकायचा.

"कात्री काढून घेतली, रडली, झटका. पडली, रडली, झटका. आंघोळ नको होती, रडली, झटका." त्यांनी वर बघितलं. "झोपेत एकदाही नाही? शांत खेळताना?"

"नाही. एकदाही नाही."

"काल?"

"काल जाग आल्यावर रडली. श्वास परत आला."

त्यांनी ठकूला पुन्हा तपासलं, छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं, मग एक गालगुच्चा घेतला. "या फिट्स नाहीत. रागाने, दुखण्याने रडताना श्वास कोंडते ही. मोठी होईल तसं थांबेल. एक साधी रक्ततपासणी करू. औषध नको."

ठकूच्या आईने ऐकलं, आणि ऐकलं नाही. "काय म्हणालात?"

"औषध नको."

"म्हणजे आत्ता नको, की..."

"नकोच."

तिने नवऱ्याकडे पाहिलं, ठकूकडे पाहिलं, पुन्हा डॉक्टरांकडे. विचारायचे शंभर प्रश्न जिभेवर गोळा झाले आणि एकही धड बाहेर येईना.

"मला ते लिहून देता का?" ती शेवटी म्हणाली.

डॉक्टरीणबाई हसल्या. कागद ओढला आणि आडव्या ओळीभर, एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलं की ठकूनेही बोट लावून बघितलं.