सहावे काडतूस

ऑरव्हिल हौगे तबेल्यात उताणा पडला होता. छातीत गोळी. शेजारच्या गवतात रिव्हॉल्व्हर रुतले होते, वर दिसत होती फक्त मूठ. माँटानाचे आभाळ तीन दिवस उघडले नव्हते.

"अजून कशाला हात लावलेला नाही," शेरीफ रस्क म्हणाला. "पण उघड आहे. पट्ट्यातून निसटलं, बंदुकीचा घोडा आपटला, उडालं. गुस्तावनं म्हाताऱ्याला असलं हत्यार दिलंच कसं? त्याला आत टाकतो."

म्हणूनच बंदुका विकणाऱ्या गुस्तावने खाजगी तपासनीस थिया लिंडगार्डला बोलावून आणले होते.

"ऑरव्हिलनं दोन नेली होती बाई, घरी वापरून एक ठेवणार होता. दिसायला जुळी. जुन्याच्या अंगात तीन स्क्रू, नव्यात दोन खिळे, एवढाच फरक. नवं पडलं तरी उडत नाही. जुन्याचा घोडा थेट काडतुसावर टेकतो. पुतण्यासमोर बजावलं, तर हसला. ‘एक भर, एक सोड, चार भर, म्हणजे सहा घरांतलं घोड्याखालचं रिकामं. तुला कोणी शिकवलं रे हे?’ म्हणाला, आणि नवंसुद्धा माझ्यासमोरच तसं भरून गेला."

पुतण्या कर्मिट कुंपणाला टेकून उभा होता.

"मी ओढ्यापलीकडं कुंपणाच्या तारा ओढत होतो. आवाज ऐकून धावलो. दारातूनच पाहिलं, आत पाऊल टाकलं नाही. ते तीन स्क्रूवालं नडलं काकाला."

"तुझं दाखव," थिया म्हणाली.

त्याने कमरेचे रिव्हॉल्व्हर रिकामे केले. सहा काडतुसे. "नव्या घडणीचं आहे. घर रिकामं ठेवायचा कंजूषपणा कशाला?"

थियाने गवतातले उचलले. तीन स्क्रू. पाच काडतुसे जिवंत, सहावे उडालेले. स्वयंपाकघरात दुसरे सापडले. त्यात पाच.

"मग गुस्तावच ना?" रस्कने विचारले.

"गवतातून काय दिसत होतं, रस्क?"

"मूठ."

"मुठी दोन्हींच्या सारख्या. मग कर्मिटला दारातून स्क्रू कसे दिसले?"

"अंदाजानं म्हणालो," कर्मिट म्हणाला.

"असेल. पण जिथं गरज नाही त्या नव्यातही ऑरव्हिलनं एक घर सोडलं. जेवणाआधीची प्रार्थना चुकेल, हे चुकायचं नाही. तो जुन्यात सहा भरेल? आणि घोड्याखाली काडतूस नसेल तर पडून उडणार काय? जुनं पडलं की उडतं, हे तू दुकानात ऐकलंस. अपघात दाखवायला तेच घेतलंस. भरलंस मात्र तुझ्या हाताच्या सवयीनं."

कर्मिटने ओढ्यापलीकडे हात केला.

"कुरण विकू म्हटलं, तर म्हणे, मी मेल्यावर बघ. वीस वर्षं तारा ओढल्या मी." मग तो हळू बोलला, "दुकानात काका गुस्तावला विचारत होते ना, कोणी शिकवलं? मलाही त्यांनीच शिकवलं होतं. सात वर्षांचा होतो. एक भर, एक सोड."

रस्कने त्याला गाडीत बसवले. गुस्ताव टोपी काढून तबेल्यात गेला आणि त्याने म्हाताऱ्याचे डोळे मिटले.