जगनच्या जागी

“जगनला आजूच जावाला सांग, बाबा. सांजच्या सभेत मना खाली मान घालायला लावू नको,” प्रितेश जेवता जेवता म्हणाला, तेव्हा त्याची आई गोदूबाई भात वाढायला वाकली होती.

आनंदाने मुलाकडे पाहिलं. रागानं नव्हे... राग यायला आत काहीतरी हलावं लागतं, आणि त्या दुपारी त्याच्या आत काहीच हललं नाही.

“मंग होडीवर कोन येल? तू?”

प्रितेश उठला आणि हात धुऊन बाहेर पडला.

“सांगून टाका एकदा लोकांना,” गोदूबाई हळूच म्हणाली. “किती दिस पोराचं झाकाल?”

“शब्द दिलाय त्याला.”

अकरा वर्षं झाली होती त्या शब्दाला. दहावीच्या सुट्टीत प्रितेश बापाबरोबर समुद्रात गेला होता, आणि जाळं सोडताना पायात दोर अडकून पोर जाळ्यासकट पाण्याखाली ओढलं गेलं होतं. होडीवर नुकताच लागलेला, दूर शरयूच्या काठी पोहायला शिकलेला जगन तेव्हा उडी टाकून गेला आणि दोर कापून त्याला वर घेऊन आला. पोर वाचलं, पण पाण्याचं भय त्याच्या काळजात असं रुतलं, की पुढे गुडघाभर पाण्यातसुद्धा त्याचे पाय थरथरत. “बाबा, कोल्याच्या पोराला पान्याचं भ्या... कुनाला सांगू नको,” असं तो रडत म्हणाला होता.

आनंदाने सांगितलं नाही. “माझा पोर शिकलाय, त्याला मी होडीवर घालनार नाय,” असंच तो मोरा बंदरावर म्हणत राहिला आणि शेफारलेला ठरला. प्रितेशला कंटेनर यार्डात नोकरी लागली. मग हळूहळू इतर घरांतली पोरंही तिकडेच गेली आणि होडीहोडीवर उत्तरेकडची माणसं आली. त्यांच्या हातांवर बंदर चाललं होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण कुणी मोठ्यानं म्हणत नव्हतं.

आणि २००८च्या त्या फेब्रुवारीत राज्यभर परप्रांतीयांविरुद्ध वातावरण पेटलं. मोऱ्याच्या पोरांनीही सभा बोलावली. सगळ्यांत मोठा आवाज प्रितेशचा होता... तो कशाला झाकत होता, हे एका आनंदालाच कळत होतं.

“आनंदाची होडी कोल्याची का भय्याची, तिला तरी ठाव हाय का?” त्या संध्याकाळी सभेत कुणीतरी म्हणालं. हशा पिकला. सभेचा म्होरक्या काशिराम गालात हसला. प्रितेशचा चेहरा लाल झाला, तो उभा राहिला.

“सगल्यांसमोर सांग, बाबा. घरची मानसं असताना परका मानूस कशाला लागला तुला?”

एका वाक्याचं उत्तर होतं. ते ओठापर्यंत आलं, आणि आनंदाने ते गिळलं. बर्फाच्या पेट्यांजवळ जगन उभा होता. त्याच्याकडे न पाहता आनंदा म्हणाला, “माझी चूक झाली.”

दुसऱ्या दिवशी सकाळी जगन गेला. गोदूबाईनं दिलेली सुक्या जवळ्याची पुडी त्याने घेतली, तिच्या पाया पडला. आनंदा दारात होता.

होडीवर आता कोण जाणार, म्हणून जो-तो एकमेकांच्या पोरांकडे बोट दाखवू लागला, तेव्हा काशिरामनेच निकाल दिला. “जगनच्या जागी प्रितेश जाईल. एवडा बोलतो, तर पहिला मान त्याचाच.” टाळ्या पडल्या. प्रितेशला नाही म्हणता येईना.

आनंदाचा चुलतभाऊ दाजी सोबतीला होता. होडी बंदराबाहेर पडली, पहिली लाट पुढच्या टोकाखाली, नाळेखाली आली, आणि प्रितेश मटकन खाली बसला. त्याने काठ दोन्ही हातांनी असा धरला की बोटं पांढरी पडली. तो ओकला. दाजीनं जाळ्याचा दोर उचलला, तेव्हा त्याच्या तोंडून कसाबसा एकच शब्द आला, “बाबा...”

आनंदाने होडी वळवली.

“एवड्यात आलात?” धक्क्यावरून काशिरामने विचारलं.

“इंजिन बिघडलं,” आनंदा म्हणाला.

“इंजिनला काय नाय झालं.” प्रितेश धक्क्याच्या पायरीवर बसला होता. “मना पान्याची भीती वाटते. दहावीपासून. जगननं मना काडला होता वर. माझ्यापायी बाबानं त्याला ठेवला, माझ्यापायी शिव्या खाल्ल्या... आनि मीच त्याला हाकलला.”

कुणी हसलं नाही. काशिराम डोक्यावरची टोपी काढून हातात फिरवत राहिला. आनंदाला वाटलं, आता आपल्याला रडू येईल. आलं नाही.

जगन पनवेलजवळ विचुंब्याला एका इमारतीच्या कामावर लागलाय, असं कळलं. बापलेक तिथं पोचले, तेव्हा तो डोक्यावर घमेलं घेऊन चढत होता. त्यांना पाहून खाली आला.

“चुकलो, जगनभाय,” प्रितेश म्हणाला. “परत ये.”

“तुझा राग नाय मना.” अकरा वर्षं मोऱ्याला राहिलेला जगन मोऱ्याचंच बोलत होता. “काका, पोराचं सांगितलं नाय, बरा केला. मी पन नसता सांगितला. पन मना चूक म्हनालात... एवड्या मानसांत? ‘जगन आपला हाय’ एवडा तरी बोलायचा होता.”

अकरा वर्षं आनंदाला वाटत आलं होतं, की पोरासाठी आपण स्वतःला झिजवतोय... आणि बळी द्यायची वेळ आली तेव्हा त्याने बळी दिला होता तो या माणसाचा!

“सगल्यांसमोर बोलवीन तुला,” तो म्हणाला. “त्याच धक्क्यावर. माझा मानूस म्हनून.”

जगनने घमेलं खाली ठेवलं. “स्लॅब उद्या पुरा होतंय,” तो म्हणाला. “परवा येतो.”

आनंदा वाळूच्या ढिगावर बसला, आणि तिथं, वर चढणाऱ्या-उतरणाऱ्या अनोळखी मजुरांसमोर, त्याला रडू फुटलं. त्याला उठवायला प्रितेश आणि जगन एकदमच वाकले.