चपळाच्या भांड्यातली हवा

काल जी गाडी सात वळणांचा घाट हसतखेळत चढली, ती आज तिसऱ्याच वळणावर धापा टाकायला लागली. असं का व्हावं? गाडी तीच, रस्ता तोच आणि चालवणाऱ्या मुमताजमावशीही त्याच. उलट कालपेक्षा आज गाडी जास्त चकाचक होती, कारण काल संध्याकाळी नभाने तिला घासूनपुसून लख्ख केलं होतं.

ही गोष्ट २०४९ सालची. गाडीचं नाव चपळा. ती रुग्णवाहिका होती आणि तिला बोलता येत असे. खाली सपाटीवरच्या गाड्या एव्हाना विजेवर धावत होत्या. पण सोनगडच्या पठारावर वादळवाऱ्यात चारचार दिवस वीज नसायची. म्हणून चपळाला उसाच्या मळीपासून केलेल्या अल्कोहोलवर चालणारं इंजिन होतं. ते बनवलं होतं नभाच्या आजोबांनी, म्हणजे आबांनी. आप्पाजी इंगवले हे त्यांचं नाव. चाळीस वर्षं इंजिनांवर संशोधन करून आता त्यांनी घाटाच्या पायथ्याशी वर्कशॉप थाटलं होतं.

आज चार वाजता जिल्ह्याच्या परीक्षकबाई येणार होत्या. चपळा घाट चढली, तर ती पठारावरच्या पाच वाड्यांची होणार. नाही चढली, तर मुकाट्याने शहरात परत. त्या पाच वाड्यांपैकी एका वाडीत नभाची वैजूआत्या राहायची आणि तिला आठवा महिना लागला होता. दवाखाना खाली, आत्या वर. अकरा वर्षांच्या नभाला या एका गोष्टीचा भारी घोर लागला होता.

सव्वादोनला मुमताजमावशी गाडी माघारी घेऊन आल्या. घामाने डबडबल्या होत्या.

"आबा, ॲक्सिलरेटरवर पाय दाबला की इंजिन टकटक करतंय. आन् ही बया आपली आपणच जोर काढून घेतीया!"

"इंजिनाच्या जिवाला जपण्यासाठी मी जोर कमी केला," चपळा शांतपणे म्हणाली. तिची भाषा कायम शाळेतल्या बाईंसारखी. "फवाऱ्याच्या नळीतला दाब मी तपासला आहे. तो योग्य आहे. दोष माझा नाही."

"तुझा न्हाई, माझा न्हाई, मग काय घाटाचा हाय?" म्हणत आबांनी बॉनेट उघडलं.

"आबा, टकटक कशाची?" नभाने विचारलं.

आबांचा स्वभावच असा, की घराला आग लागली तरी ते आधी आग म्हणजे काय ते समजावून सांगतील. ते म्हणाले, "हे चाक बघ. हा टर्बो (इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा). जास्त हवा म्हणजे जास्त इंधन जळतं, म्हणजे जास्त ताकद. पण हवा कोंबली की तापती. लईच तापली, की इंधन ठिणगीची वाट न बघता आपलं मनानंच पेट घेतंय. मग दट्ट्यावर अवेळी घाव बसत्यात. तीच टकटक."

"मग हवा गार करायची!"

"तेच तर करतोय. इंजेक्शन द्यायच्या आधी नर्सबाई दंडाला स्पिरिट लावत्यात, तवा कसं वाटतं?"

"गार गार."

"का? तर ते उडून जाताना कातडीतली उष्णता घेऊन जातंय. म्हणून आपण त्या तापल्या हवेत पाणी आन् अल्कोहोल मिसळून धुक्यावानी फवारतो. हवा गार होती, टकटक थांबती."

"पण फवारा तर हाय की जाग्यावर!" मावशी म्हणाल्या.

"हाय, पण वेळेवर येतोय का? मावशी, जरा पाय दाबा."

मावशींनी पाय दाबला. आबांनी मान वाकडी करून कान दिला. गाडीच्या खालून फवाऱ्याच्या पंपाचा आवाज आला, पण सलग नाही. चालू, बंद, चालू, बंद. उचकी लागल्यासारखा. आबांच्या भुवया वर गेल्या. त्यांनी पंपाशेजारच्या पोलादी भांड्यावर पान्याने टिचकी मारली. खाली वाजलं, ठप. वरही वाजलं, ठप.

"अरेच्चा! ह्यातली हवा कुठं गेली?"

नभा एक पाऊल मागे सरकली.

ते भांडं तिला चांगलं ठाऊक होतं. काल पुसताना तिनेही त्यावर टिचकी मारली होती. तेव्हा ते खाली ठप वाजलं होतं आणि वर टण. म्हणजे अर्धं रिकामं! इंगवल्यांच्या घरात रिकामं भांडं कुणाला परत देत नसत. शेजारणीचा डबा आला, तर जाताना त्यात निदान गुळाचा खडा तरी जायचाच. मग उद्या मुमताजमावशींकडे जाणारी गाडी अर्ध्या भांड्यानिशी कशी पाठवायची? भांड्याच्या डोक्यावर सायकलच्या ट्यूबला असतो तसा वॉल्व्ह होता. तिने नखाने त्याची पिन दाबली. फुस्स करून सगळी हवा निघून गेली, पंप आपोआप सुरू झाला आणि भांडं पाण्याने गच्च भरलं. नभा खूश होऊन झोपायला गेली होती.

आता गप्प बसलं, तर कुणाला कळणारही नव्हतं. पण आत्या वर होती. नभाने सगळं सांगून टाकलं. सांगताना तिला रडू फुटलं.

आबांनी हातातला पाना खाली ठेवला. मग एकदम हसले. "देवा रे! मी म्हटलं इंजिनच गेलं. एवढंच होय? अगं, सांगितलंस ते लई बरं केलंस. न्हाईतर आख्खं इंजिन खोलून बसलो असतो आन् चारची वेळ काय, चार दिवस गेले असते. बोटांत जोर हाय न्हवं? घे तो सायकलचा पंप."

नभाच्या डोळ्यांत अजून पाणीच होतं, पण जीव भांड्यात पडला.

आबांनी आधी नळीची तोटी सोडून सगळा दाब उतरवला. "पाणी दाबाखाली असताना हवा मोजली, तर पाण्याचाच दाब दिसतो. चपळा तिथंच फसली. आता मार हवा. मोटारीच्या चाकात असती त्याच्या दुप्पट."

नभा पंप मारू लागली. "आबा, पण हवा कशाला लागते? काम तर पाणी करतं ना?"

"हा दाबसंचयक (दाब साठवून ठेवणारं भांडं). आत रबराची पिशवी. पिशवीत हवा, बाहेर पाणी. पाणी काही केल्या दबत न्हाई, हवा दबती. पंप पाणी आत ढकलतो, पाणी पिशवीला दाबतं आन् पिशवी स्प्रिंगसारखी आखडून बसती. मावशीनं पाय दाबला की तीच पिशवी फुगून त्या क्षणाला पाणी बाहेर लोटती. पंपाला जोर धरायला क्षणभर लागतो ना? तेवढा क्षण हे भांडं सांभाळतं."

"आणि हवाच नसेल, तर चार थेंब गेले की दाब खलास," नभा म्हणाली. "मग पंप चालू, बंद, चालू, बंद!"

"शाब्बास!"

"आई गं!" नभाने हात झटकला. पंपाची नळी चांगलीच चटका देत होती.

"बघ," आबा म्हणाले, "कोंबलेली हवा तापती का न्हाई?"

"मी दाब मोजला होता, हवा नाही," चपळा मध्येच म्हणाली. "यापुढे पंप उचक्या देतो का, तेही ऐकेन."

परीक्षकबाई चारला पाच मिनिटं कमी असताना आल्या आणि मावशींशेजारी बसल्या. मागच्या बाकावर नभाला जागा मिळाली. वर द्यायला म्हणून आईने दिलेला लाडवांचा डबा तिच्या मांडीवर होता. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. तिसऱ्याला मावशींनी पाय दाबला. नभाने डोळे घट्ट मिटले. टकटक नाही. एकदाही नाही! चपळा गुरगुरत सरळ वर निघाली. सातवं वळण संपून पठाराचा वारा तोंडावर आला, तेव्हाच नभाने डोळे उघडले.

वाडीच्या तोंडाशी वैजूआत्या कमरेवर हात ठेवून उभी होती. नभा पळत जाऊन तिला बिलगली. परीक्षकबाईंनी गाडीच्या टपावर कागद ठेवून सही केली आणि म्हणाल्या, "आजपासून ही तुमची."

आत्याने डोळ्यांना पदर लावला. मग लाडवांचा डबा आत नेऊन रिकामा केला आणि जाताना परत आणून दिला. नभाने त्यावर हळूच टिचकी मारली. खाली ठप, वर टण.

"करवंदं अर्ध्या डब्यापुरतीच निघाली गं," आत्या ओशाळून म्हणाली.

"असू दे आत्या," नभा म्हणाली, "अगदी बरोबर भरलाय."